शंभर वर्षांचा बंगला हाती घेताना: पाहणी, नोंद आणि दुरुस्तीचा क्रम

साधारण १९०० ते १९३० या काळात, आखून वसवलेल्या एखाद्या उद्यान-उपनगरात बांधलेला बंगला तुम्ही विकत घेतला असेल, वारशाने मिळाला असेल किंवा अभ्यासासाठी मोजायला घेतला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा घरात पाऊल टाकल्याबरोबर रंगाचा आणि स्वयंपाकघराचा विचार सुरू होतो. तो काही महिने बाजूला ठेवा. या बंगल्याची रचना दोन कामांसाठी झालेली असते: पाणी भिंतीपासून लांब टाकणे आणि हवा खेळती ठेवणे. रुंद वळचण, उंच जोते, जमिनीखालचे झरोके आणि मऊ चुन्याच्या दर्जा (विटांमधले सांधे) एकमेकांच्या भरवशावर उभ्या असतात. एक बंद केले की दुसऱ्यावर ताण येतो. म्हणून पाहणी पाण्याच्या वाटेनेच करायची: छतावरून पागोळीपर्यंत, पागोळीपासून जोत्यापर्यंत आणि तिथून जमिनीखाली.

आधी हे घर कुठल्या घराण्यातले ते समजून घ्या

'बंगला' हा शब्द बंगालातून आला. चारी बाजूंनी उतरते छप्पर आणि भोवती पडवी असलेले तिथले एकमजली घर इंग्रजांनी उचलले. १८७०च्या सुमारास ते इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर सुटीचे घर म्हणून उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मध्यमवर्गाचे कायमचे घर झाले. त्याच काळात इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांच्या उद्याननगराच्या (मोकळी जागा आणि झाडी राखून आखलेल्या शहराच्या) कल्पनेने जोर धरला. १९०३मध्ये तिथल्या लेचवर्थची पायाभरणी झाली, १९०७मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडचे उद्यान-उपनगर सुरू झाले. सिडनीजवळच्या हॅबरफील्डमध्ये तर रिचर्ड स्टॅन्टन यांनी १९०१पासूनच एका प्लॉटवर एकच, तेही एकमजली घर, अशा अटी घालून जमीन विकायला सुरुवात केली होती. ऑस्ट्रेलियातल्याच ॲडलेडचे कर्नल लाइट गार्डन्स हे उपनगर १९२०च्या दशकात जवळजवळ संपूर्णपणे बंगल्यांनीच भरले.

ही माहिती पाहणीत उपयोगी पडते. उद्यान-उपनगरात बंगला एकटा आखला जात नसे. रस्त्यापासूनचे अंतर, दोन घरांमधली मोकळी जागा, कुंपणाची उंची, रस्त्याकडेची झाडे हा सगळा एकाच आराखड्याचा भाग होता. लेचवर्थ आणि हॅम्पस्टेडचे आराखडे करणाऱ्या रेमंड अन्विन यांनी एकरी १२पेक्षा जास्त घरे नकोत, असा आग्रह धरला. हॅम्पस्टेडमध्ये भिंतींऐवजी कुंपणाला झुडपांच्या रांगा लावायचे ठरले. त्यामुळे तुमच्या प्लॉटवरचे जुने झुडपी कुंपण हे शोभेचे नाही, ते मूळ वास्तुरचनेचेच अंग असू शकते. ते उपटण्याआधी कागद पाहा.

लागणारी कागदपत्रे

- खरेदीखत आणि त्यातल्या अटी. मूळ विक्रीच्या वेळी घातलेल्या अटी (इमारत रेषा म्हणजे रस्त्यापासून किती मागे बांधायचे ती हद्द, मजल्यांची संख्या, कुंपणाचा प्रकार) पुढच्या खतांत नुसत्या उल्लेखाने येतात. मूळ खत मागवून घ्या.
- वसाहतीचा मूळ आराखडा आणि प्लॉटचा नकाशा.
- परिसर वारसा-संरक्षित असल्यास त्याची नियमावली. बऱ्याच ठिकाणी खिडकी, छपराचे साहित्य किंवा पुढचे कुंपण बदलायलाही परवानगी लागते.
- जुने विमा-नकाशे. अमेरिकेतल्या सॅनबोर्न नकाशांत लाकडी घर पिवळ्या आणि विटांचे गुलाबी रंगात दाखवलेले असते. पडवी कुठे होती, मागची खोली केव्हा वाढली, हे वेगवेगळ्या सालांचे नकाशे शेजारी ठेवले की उलगडते.
- जुनी छायाचित्रे. शेजाऱ्यांच्या लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या फोटोंत मागे तुमचेच घर असते. ती जरूर मागा.

अमेरिकेत सिअर्स कंपनीने १९०८ ते १९४० या काळात टपालाने मागवायची तयार घरे विकली. अलॅडिन कंपनीने त्याच्या आधी, १९०६मध्येच सुरुवात केली होती. तुमचे घर तसे असल्याची शंका आली तर तळघरात किंवा माळ्यावर तुळयांच्या टोकांजवळ छापलेले अक्षर आणि आकडे शोधा. सुट्या भागांची जुळणी करताना कारागिरांना ती खूण लागत असे.

लागणारी हत्यारे

५ मीटरची टेप, १ मीटर लांबीची पाणसळ, ओळंबा, गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी (१० मीटर), टोकदार अरी, पिन टोचायचा ओलावामापक, दुर्बीण, चांगली विजेरी, लहान आरसा, आलेख कागद, पेन्सिल, धुळीपासून बचावाचा योग्य मास्क आणि हातमोजे. लेझर मीटर असेल तर वेळ वाचतो, पण पाण्याच्या नळीला पर्याय नाही.

१. रस्त्यावरून सुरुवात करा

समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि घराचे चारी बाजूंनी सरळ, न झुकवता फोटो घ्या. फोटोला दिशेनुसार नाव द्या: उत्तर १, उत्तर २ असे. शेजारची दोन्ही घरेही एका चौकटीत घ्या, कारण आढ्याची उंची आणि इमारत रेषा तुलनेतूनच कळतात.

दुर्बिणीने आढे पाहा. आढ्याची रेषा मधे खोलगट झाली असेल तर वासे झुकले आहेत किंवा एखादा मधला टेकू कोणीतरी काढला आहे. छतावर बसवलेली छोटी खिडकीवजा खोली मूळची की मागाहूनची, हे तिच्या वळचणीवरून कळते: मूळ असेल तर तिथल्या वाशांची टोके खालच्या वळचणीसारखीच कापलेली असतात.

२. छत आणि वळचण

उतार मोजायची सोपी रीत आहे. १ मीटरची पाणसळ छताच्या कडेला आडवी धरा, एक टोक छताला टेकवा आणि दुसऱ्या टोकापासून छतापर्यंतचे उभे अंतर मोजा. २७ सेंटिमीटर आले तर उतार सुमारे १५ अंश, ३६ आले तर २० अंश, ५८ आले तर ३० अंश. कमी उताराच्या मूळ छतावर कोणी पुढे जड काँक्रीटची कौले चढवली असतील तर दोन संकटे येतात. पाणी कौलांखाली मागे सरकते, आणि लाकडी पट्ट्यांच्या हलक्या आच्छादनासाठी घातलेल्या वाशांवर चौरस मीटरमागे ४० किलो किंवा त्याहून अधिक भार येतो. अशा छताखालचे वासे मोजून संरचना अभियंत्याला दाखवा.

या बंगल्यांची वळचण बहुधा ६० ते ९० सेंटिमीटर बाहेर असते आणि वाशांची टोके उघडी असतात. तीच टोके सर्वात आधी कुजतात, कारण लाकडाचा आडवा छेद नळीसारखे पाणी शोषतो. प्रत्येक टोक अरीने तपासा. अरी ४–५ मिलिमीटरपेक्षा जास्त सहज शिरली तर तिथेच लाकडाचा छोटा कपचा उचकटून पाहा. निरोगी लाकडाचा कपचा लांब, धाग्यासारखा निघतो. कुजलेल्याचा कपचा बिस्किटासारखा तुटतो, आवाजही होत नाही. रंग शाबूत दिसतो म्हणून फसू नका. रंगाच्या सालीखाली आत काहीच उरलेले नाही, असे वारंवार घडते.

कुजलेले टोक सरळ कापून त्यावर फळी ठोकणे ही सर्वात जास्त केली जाणारी चूक. त्याने वळचण आखूड होते, पागोळ्या भिंतीजवळ पडतात आणि पाच-सात वर्षांत जोते भिजू लागते. योग्य उपाय म्हणजे कुजके लाकूड काढून, चांगल्या वाशाला तिरका सांधा देऊन त्याच आकाराचे नवे टोक जोडणे.

धुराडे जिथे छतातून वर येते तिथला पत्रा आणि दोन पाखी जिथे मिळतात ती खोलगट वाट माळ्यावरून, विजेरी लावून पाहा. डागाच्या कडा गडद आणि मधे ओल लागत नसेल तर गळती जुनी. ओलावामापक २० टक्क्यांच्या खाली दाखवत असेल तर कुजणे पुढे सरकत नाही. २८च्या आसपास किंवा वर असेल तर बुरशी जिवंत आहे असे समजा.

माळ्यावर असताना विजेच्या जुन्या तारा शोधा. चिनी मातीच्या बुटक्या खुंट्यांवरून आणि नळ्यांतून जाणाऱ्या सुट्या तारा दिसल्या तर त्यांवर उष्णतारोधक कापूस पसरू नका. त्या तारांना थंड राहायला मोकळी हवा लागते.

३. पडवी आणि तिचे खांब

पडवीच्या खांबांचा पाया पुष्कळदा घराच्या पायापेक्षा उथळ असतो. त्यामुळे पडवी वेगळी खचते आणि भिंतीशी जिथे मिळते तिथे वर रुंद, खाली अरुंद अशी भेग दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खुणा करा, अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, तारीख टाका आणि दर महिन्याला, किमान वर्षभर मोजा. ऋतूबरोबर उघडझाप होणारी भेग आणि सतत वाढणारी भेग यांचे उपाय वेगळे आहेत. ५ मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा सतत वाढती भेग असेल तर भरण्याआधी अभियंता.

खाली रुंद, वर निमुळते होत जाणारे लाकडी खांब दिसतात भक्कम, पण ते आतून पोकळ पेटी असतात आणि भार आतला साधा खांब घेतो. पेटीचा तळ कुजलेला असेल तर आधी आतला खांब तपासा. पेटी नव्याने बसवताना तळाशी १–२ सेंटिमीटर फट आणि वर हवेसाठी जागा ठेवा. सिलिकॉनने गच्च बंद केलेली पेटी आतून घामेजते.

पडवीची जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे किमान १ ते २ सेंटिमीटर उतरती हवी. काच लावून बंद केलेल्या पडव्यांमध्ये हा उतार बहुतेक वेळा गेलेला असतो.

४. भिंती आणि दर्जा

विटांच्या भिंतीत दर्जा चुन्याच्या की सिमेंटच्या, हे खिळ्याने ओरखडून पाहा. चुना सहज भुगा होऊन पडतो आणि त्यात पांढरे ठिपके दिसतात. सिमेंटवर खिळा घसरतो. या काळात दोन्ही वापरले गेले, काही वेळा एकाच घरात, म्हणून प्रत्येक भिंतीवर तपासा.

मऊ विटांच्या चुन्याच्या दर्जांवर सिमेंट भरणे हे या घरांचे मोठे दुखणे आहे. भिंतीत शिरलेले पाणी आधी दर्जांतून बाहेर पडत असे. सिमेंटने ती वाट बंद झाली की ते विटेतून निघते, सोबत क्षार आणते आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी गळून पडतो. दर्जा आत आणि वीट बाहेर असे दिसायचे, तिथे दर्जा बाहेर आणि वीट आत गेलेली दिसली की निदान झाले.

दर्जा पुन्हा भरायच्या असतील तर जुना माल हाताच्या पटाशीने २० ते २५ मिलिमीटर खोल काढा. ग्राइंडर विटांच्या कडा खातो आणि ती इजा भरून येत नाही. धूळ झाडून सांधे पाण्याने ओले करा. १ भाग चुना आणि २.५ ते ३ भाग खरखरीत, धुतलेली वाळू असे मिश्रण घट्टसर कालवून दाबून भरा. मग ओल्या गोणपाटाने किमान आठवडाभर झाका. कडक उन्हात किंवा गोठणाऱ्या थंडीत हे काम घेऊ नका. चुना घाईने वाळला तर पिठासारखा सुटतो.

५. जोते आणि जमिनीखालची पोकळी

या पायरीत लोक कंटाळा करतात आणि नेमके इथेच सर्वात जास्त कळते. जोत्यात ठराविक अंतरावर जाळीच्या विटा किंवा झरोके असतात. ते सगळे मोजा, नकाशावर मांडा आणि प्रत्येकात विजेरी टाकून आरपार उजेड जातो का पाहा. बागेतली माती वर्षानुवर्षे चढत जाते, नव्या फरशीखाली झरोके गाडले जातात. बाहेरची जमीन भिंतीतल्या ओल रोखणाऱ्या थरापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली हवी. हा थर काळ्या डांबरी किंवा स्लेटच्या बारीक रेघेसारखा दिसतो.

आत शिरता येत असेल तर मास्क आणि हातमोजे घालून जा, एकटे जाऊ नका. तुळयांची टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे अरी आणि ओलावामापक लावा. खांबांवरून वर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. नळी फोडून दुसऱ्या दिवशी पाहा, बुजवलेली असेल तर वाळवी सक्रिय आहे. तुटकी पांढुरकी झालेली जुनी पाइप-वेष्टने दिसली तर हात लावू नका. त्यात ॲसबेस्टॉस असू शकतो. नमुना तपासूनच पुढे जा.

वरच्या जमिनीचा कल पाण्याच्या नळीने मोजा. एक टोक एका कोपऱ्यात खुणेवर धरा, दुसरे खोलीभर फिरवा आणि दर मीटरला फरक लिहा. एका बाजूला सारखा कल आला तर पाया खचल्याचा संशय घ्या. मधेच खड्डा असेल तर तुळई झुकलेली आहे किंवा खालचा खांब बसला आहे.

चिकणमातीच्या जमिनीत मोठे झाड घराजवळ असेल तर तेच दोषी असे गृहीत धरून तोडू नका. झाड शोषत होते ते पाणी मातीत राहते, माती फुगते आणि घर उलट दिशेने हलते. शिवाय रस्त्याकडेची झाडे वसाहतीच्या आराखड्यातलीच असतात.

६. खिडक्या: बदलण्याआधी हे करा

वरखाली सरकणारी जुनी खिडकी "अडकली", "वारा येतो" म्हणून फेकली जाते. शंभर वर्षांपूर्वीचे घट्ट वाढलेले लाकूड आता सहजी मिळत नाही, आणि तिचा प्रत्येक भाग सुटा करून दुरुस्त करता येतो. पहिली खिडकी मागच्या बाजूची घ्या, दर्शनी नव्हे.

रंगात शिसे असल्याचे गृहीत धरा. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ज्योतीने रंग जाळू नका, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. पाणी शिंपडून खरवडा आणि कचरा पिशवीत बांधा.

आतली बीडिंग पट्टी काढताना रंगाच्या रेषेवर आधी सुरीने चीर द्या. मग पातळ पटाशी पट्टीच्या मध्यावर घाला, टोकाला नव्हे. मधून उचलली की पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि टोके आपोआप सुटतात. टोकापासून उचकटली तर कोपरा फुटतो. खालची झडप (खिडकीचा सरकता भाग) बाहेर घेतली की तिची दोरी हातातून सोडू नका; दोरीच्या दुसऱ्या टोकाला, चौकटीच्या आत, झडपेला तोलणारे वजन असते. दोरीला गाठ मारा, नाहीतर ते वजन चौकटीतल्या पोकळ कप्प्यात धाडकन पडते.

झडप काचेसकट वजनकाट्यावर ठेवा. खालच्या झडपेच्या दोन्ही वजनांची बेरीज झडपेपेक्षा सुमारे पाव किलो कमी हवी, म्हणजे ती बंद राहते. वरच्या झडपेची बेरीज तितकीच जास्त हवी, म्हणजे ती वर टिकते. कोणी मधे जाड काच बसवली असेल तर हे गणित बिघडलेले असते, आणि "खिडकी आपोआप पडते" या तक्रारीचे कारण तेच.

काचेभोवतीची जुनी लांबी (पुट्टी) काढल्यावर खाच उघडी पडते. तिला आधी जवसाचे तेल (रंगारी त्याला बेलतेल म्हणतात) किंवा तैल प्रायमर लावा. न लावता लांबी भरली तर कोरडे लाकूड तिच्यातले तेल ओढून घेते आणि ती वर्षभरात तडकते. लांबीवर साय धरायला एक-दोन आठवडे द्या. रंग देताना तो लांबीच्या पुढे काचेवर १–२ मिलिमीटर जाऊ द्या. ती बारीक रेघच पाणी अडवते, म्हणून ती ब्लेडने खरवडून "स्वच्छ" करू नका. लहरी दिसणारी जुनी काच जपा. तिच्यातून बागेतल्या फांद्या किंचित हलल्यासारख्या दिसतात, आणि नवी काच ते कधीच देणार नाही.

७. आतले लाकूडकाम

भिंतीतली कपाटे, शेकोटीशेजारची बाके, जेवणघरातले काचेचे शेल्फ हे घराबरोबर बांधलेले असते. त्याला फर्निचर समजून हलवू नका. पॉलिश लाखेचे आहे का ते न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवून पाहा. चिकट झाले तर लाख. मग सगळे खरवडायची गरज नसते. स्वच्छ करून लाखेचाच पातळ हात पुरतो.

८. कामाचा क्रम

छत, पन्हळ, पागोळीचे पाणी घरापासून लांब नेणारा उतार. मग झरोके आणि तुळया. मग वीज आणि नळ. मग दर्जा आणि खिडक्या. रंग सर्वात शेवटी. भिंतीची ओल निघायला महिने लागतात, त्याआधी दिलेला रंग फुगतो. बाहेरून प्लास्टिकसारखा थर धरणारे रंग चुन्याच्या भिंतीवर टाळा.

परवानगीच्या अर्जाला प्रत्येक बदलाआधीचा फोटो, मोजमापाचे चित्र आणि वापरायच्या मालाचे नाव जोडा. मोजमापात खोलीचे दोन्ही कर्ण लिहा. ते नसतील तर काटकोन खोटे ठरतात आणि आराखडा कागदावर जुळत नाही.

९. पावसात एक फेरी

वरची सगळी पाहणी कोरड्या दिवशी होते. पहिल्या जोरदार पावसात छत्री आणि नकाशाची प्रत घेऊन घराभोवती हळूहळू एक फेरी मारा. पन्हळ कुठे ओसंडते, पागोळ्या जोत्यापासून किती अंतरावर पडतात, अंगणातले पाणी कुणीकडे वळते, कुठल्या झरोक्यासमोर साचते, हे त्या त्या जागी पेन्सिलीने मांडा. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी त्याच वाटेने पुन्हा जा आणि जिथे भिंत अजून ओली आहे तिथे गोल करा. दुरुस्तीची पहिली यादी त्या गोलांवरून करा.